द्वंद्व आणि संवाद : नात्यांविषयीचा एक संज्ञापन-सिद्धांत आणि ‘स्मृतिचित्रे’

१

मराठीतील आत्मचरित्रांची समीक्षा ही पुष्कळदा व्यक्तींची समीक्षा असते. निवेदिकेचा स्वभाव कसा, तिच्या पतीचा स्वभाव कसा, त्या दोन स्वभावांचे जमले किंवा जमले नाही, अशा क्रमाने ती पुढे सरकते. या पद्धतीत नाते ही दोन स्वभावांची बेरीज ठरते. नात्याला स्वतःची अशी काही रचना असते, ती रचना भाषेच्या व्यवहारातून घडते आणि म्हणून ती साहित्यसमीक्षेच्या कक्षेत येते, ही जाणीव आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते १९३६) या ग्रंथाबाबत तर हे विशेषत्वाने जाणवते. या ग्रंथाचा गौरव करताना साधेपणा, निर्मळ विनोद आणि बोलीचा गोडवा या तीन गुणांचा उल्लेख इतक्या वेळा झाला आहे, की त्यांच्या आड ग्रंथाचा गाभा झाकला जावा.

टिळक दांपत्याच्या सहजीवनाकडे पाहण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. पहिलीनुसार ही वादळातून सुखरूप पार पडलेल्या संसाराची कथा आहे : धर्मांतराने दुरावलेले पतिपत्नी अखेर एक झाले. दुसरीनुसार ही एका स्त्रीच्या सोसण्याची कथा आहे आणि तिच्यावरचे विनोदाचे आवरण दूर करून खालची वेदना वाचली पाहिजे. या दोन वाचनांत वरवर विरोध असला, तरी दोघांच्या मुळाशी एकच गृहीत आहे. ते म्हणजे ताण हा नात्यातील बिघाड असतो. पहिले वाचन म्हणते, बिघाड दुरुस्त झाला. दुसरे म्हणते, तो झाकला गेला. ताण हाच नात्याचा घटक असू शकतो, ही शक्यता दोन्ही वाचनांत विचारात घेतली जात नाही.

ही शक्यता विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिकेतील संज्ञापनशास्त्रात एका सिद्धांताच्या रूपाने मांडली गेली. तो सिद्धांत मराठी वाचकाला काय देतो, आणि मराठी संहितेशी गाठ पडल्यावर तो स्वतः कुठे अपुरा पडतो, या दोन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

२

निकटच्या नात्यांतील संज्ञापनाचा शास्त्रशुद्ध अभ्यास अमेरिकेत १९७० नंतर जोमाने सुरू झाला. अर्विन ऑल्टमन आणि डॅल्मस टेलर यांनी १९७३ साली मांडलेल्या सिद्धांतात नात्याची वाढ ही कांद्याचे पापुद्रे सुटत जावेत तशी कल्पिली होती. आरंभी वरवरचे बोलणे, मग थोडे खोलवरचे, शेवटी अंतरंगाचे. चार्ल्स बर्जर आणि रिचर्ड कॅलॅब्रीज यांनी १९७५ साली अनिश्चितता कमी करण्याच्या प्रेरणेवर भर दिला : दोन अपरिचित माणसे एकमेकांविषयी जितके अधिक जाणतील, तितकी ती निर्धास्त होतील आणि जवळ येतील. या दोन्ही मांडण्यांची दिशा सरळ रेषेची आहे. अधिक मोकळेपणा, अधिक निश्चिती, अधिक जवळीक म्हणजे अधिक चांगले नाते. या रेषेवरून मागे येणे म्हणजे नात्याची उतरण.

पुढे स्वतः ऑल्टमन यांनीच १९८१ साली आपल्या सहकाऱ्यांसह या सरळ रेषेला मुरड घातली आणि मोकळेपणाइतकाच बंदिस्तपणाही नात्याला आवश्यक असतो, असे प्रतिपादन केले. विल्यम रॉलिन्स यांनी मैत्रीच्या संदर्भात स्वातंत्र्य आणि परावलंबन यांच्या ताणाचा अभ्यास केला. लेस्ली बॅक्स्टर यांनी १९८८ पासून ही दृष्टी प्रणयी आणि कौटुंबिक नात्यांच्या अभ्यासात आणली, आणि १९९६ साली बार्बरा माँटगोमेरी यांच्यासह लिहिलेल्या ‘रिलेटिंग : डायलॉग्ज अँड डायलेक्टिक्स’ या ग्रंथात तिला सिद्धांताचे रूप दिले. मराठीत त्याला ‘संबंधांची द्वंद्वमीमांसा’ असे म्हणता येईल.

या सिद्धांताची मुख्य भूमिका थोडक्यात अशी सांगता येते. निकटच्या नात्यात परस्परविरोधी ओढी एकाच वेळी कार्यरत असतात. त्या एकमेकींना नाकारतात आणि तरीही एकमेकींवाचून त्यांना अर्थ नसतो. बॅक्स्टर यांनी अशा ओढींच्या तीन प्रमुख जोड्या सांगितल्या. पहिली, एकरूप होण्याची आणि वेगळे राहण्याची. दुसरी, स्थैर्याची आणि बदलाची. तिसरी, व्यक्त होण्याची आणि अव्यक्त राहण्याची. या प्रत्येक जोडीची दोन रूपे असतात : एक त्या दोघांच्या आपापसातले, दुसरे त्या दोघांचे मिळून बाहेरच्या समाजाशी असलेले. पतिपत्नींनी एकमेकांना काय सांगावे हा जसा एक प्रश्न आहे, तसा आपल्या नात्यातले लोकांना काय दाखवावे हा दुसरा प्रश्न आहे.

या ओढींशी माणसे कशी वागतात, याचेही आठ प्रकार या ग्रंथात नोंदले आहेत. एक टोक पार नाकारणे आणि गोंधळून निष्क्रिय होणे हे त्यांतले दोन निकृष्ट प्रकार. आज एक टोक तर उद्या दुसरे अशी आवर्तने आणि जीवनाच्या एका क्षेत्रात एक व दुसऱ्या क्षेत्रात दुसरे अशी विभागणी, हे नेहमीचे. तडजोडीचा समतोल, दोन्ही टोके एकत्र गुंफणारे विधी, ताणाची चौकटच क्षणभर बदलून टाकणारी पुनर्मांडणी आणि ताणाला हसतमुखाने दिलेली संमती, हे त्यापुढचे. यांपैकी कोणत्याही प्रकाराने ताण कायमचा मिटत नाही, ही सिद्धांताची सर्वांत महत्त्वाची अट आहे.

३

या अटीमुळेच हा सिद्धांत हेगेलच्या द्वंद्ववादापासून वेगळा होतो. तेथे विरोधाचा शेवट उच्चतर समन्वयात होतो. बॅक्स्टर आणि माँटगोमेरी यांनी आधार घेतला तो मिखाईल बाख्तिन या रशियन विचारवंताचा, म्हणजे मुळात एका साहित्यमीमांसकाचा. दस्तयेवस्कीवरील ग्रंथात (१९२९, सुधारित आवृत्ती १९६३) बाख्तिनने असे दाखवले, की या कादंबरीकाराच्या कृतींत पात्रांचे आवाज लेखकाच्या आवाजात विरघळत नाहीत, प्रत्येकाचे स्वत्व अखेरपर्यंत अबाधित राहते. १९३४-३५ मध्ये लिहिलेल्या आणि रशियनमध्ये १९७५ साली ग्रंथरूपाने आलेल्या कादंबरीच्या भाषेवरील दीर्घ निबंधात त्याने हा विचार भाषेपर्यंत नेला. प्रत्येक उच्चारात एकीकडे आणणाऱ्या केंद्रगामी आणि फाकवणाऱ्या केंद्रोत्सारी अशा दोन्ही शक्ती एकमेकींना भिडत असतात. उत्तरायुष्यातील टिपणांत तर त्याने द्वंद्ववादाविषयीची आपली नापसंती स्पष्टच नोंदवली. संवादातून माणसांचे आवाज, त्यांचे सूर आणि त्यांचे भाव काढून टाकले, की उरलेल्या अमूर्त कल्पनांच्या सांगाड्याला द्वंद्ववाद म्हणतात, असा त्याचा आशय आहे.

म्हणजे साहित्याच्या अभ्यासातून निघालेली कल्पना समाजशास्त्रीय संशोधनाकडे गेली आणि तेथून ती पुन्हा साहित्याकडे येऊ पाहत आहे. या प्रवासात तिने काय गमावले, हे पाहण्यासाठी मराठीतील ‘द्वंद्व’ हा शब्दच उपयोगी पडतो. या शब्दाचे दोन अर्थ आहेत : जोडी आणि झुंज. इंग्रजीतील संज्ञेला झुंजीची छटा अधिक आहे. जोडीची छटा तेथे सिद्धांतकारांना प्रयत्नपूर्वक आणावी लागली. मराठीत ती शब्दातच वसलेली आहे. शाळकरी व्याकरणात शिकवला जाणारा द्वंद्व समास येथे आठवावा. त्याचे तीन प्रकार आहेत. ‘आईबाप’ हा इतरेतर. त्याचा विग्रह ‘आणि’ने होतो. ‘खरेखोटे’ हा वैकल्पिक. त्याचा विग्रह ‘किंवा’ने होतो. ‘मीठभाकर’ हा समाहार; त्यात उच्चारलेल्या दोन पदांखेरीज त्याच जातीच्या इतर पदार्थांचाही समावेश असतो.

नात्यातील विरोधी ओढींचा विचार या तीन विग्रहांच्या आधारे करता येतो. व्यवहारात माणसे जवळीक आणि स्वातंत्र्य यांचा विग्रह ‘किंवा’ने करतात, संबंधांची द्वंद्वमीमांसा सांगते, की तो ‘आणि’ने करावयास हवा. येथपर्यंत तिचे म्हणणे मान्य व्हावे. तिसऱ्या विग्रहाचा विचार मात्र तिने पुरेसा केलेला नाही. दोघांचे म्हणून जे नाते आपण ओळखतो, त्यात न उच्चारलेली किती माणसे सामावलेली असतात, हा तो विचार. ‘नवराबायको’ हा व्याकरणात इतरेतर समास असेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या महाराष्ट्रात तो समाहार होता.

४

‘स्मृतिचित्रे’चा प्रारंभ पतिपत्नींच्या नात्याने होत नाही. तो निवेदिकेच्या वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याच्या चित्राने होतो, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. स्पर्श आणि अस्पर्श, आपले आणि परके, आत आणि बाहेर या रेषा घरातील प्रत्येक वस्तूवरून जात होत्या. जवळ येण्याची आणि दूर राहण्याची भाषा लक्ष्मीबाईंना विवाहापूर्वीच परिचित होती. ती शब्दांची नव्हती, पाण्याची आणि वस्त्रांची होती. पुढे नारायण वामन टिळकांशी विवाह झाल्यावर (१८८०) या भाषेला तडे देणारा माणूस त्यांच्या वाट्याला आला. टिळक अस्वस्थ, शीघ्रकोपी, उदार आणि भटके होते. ते घरातून न सांगता निघून जात आणि तसेच परत येत. एकरूपता आणि वेगळेपण यांचा ताण या संसारात पहिल्यापासून होता. धर्मांतराने तो निर्माण केला असे नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. हा निर्णय दोघांनी मिळून घेतलेला नव्हता. सिद्धांताच्या परिभाषेत बोलावयाचे तर टिळकांच्या बाजूने हा बदलाच्या टोकाचा स्वीकार होता आणि लक्ष्मीबाईंच्या बाजूने स्थैर्याच्या टोकाला बिलगून राहणे होते. परंतु संहिता लक्षपूर्वक वाचली असता ही मांडणी टिकत नाही. टिळक धर्म बदलतात, पण पत्नी मात्र तीच हवी हा त्यांचा आग्रह अढळ राहतो. म्हणजे बदलणाऱ्या माणसाच्या आत स्थैर्याची ओढ आहे. लक्ष्मीबाई धर्म सोडत नाहीत, पण या काळात त्या पूर्वी कधी राहिल्या नव्हत्या अशा पद्धतीने राहू लागतात, पतीवाचून दिवस काढतात, पद्ये रचतात, स्वतःच्या मनाने निर्णय घेऊ लागतात. म्हणजे स्थिर राहणाऱ्या स्त्रीच्या आत बदल चालू आहे. विरोध दोन व्यक्तींमध्ये वाटला गेलेला नाही. तो दोघांच्याही आत आहे. बॅक्स्टर यांनी ज्याला नात्याचा विरोध म्हटले आणि व्यक्तींच्या भांडणापासून काळजीपूर्वक वेगळे काढले, तो हाच.

ताटातुटीनंतर दोघे पुन्हा एकत्र आल्यावरही काही काळ लक्ष्मीबाईंचे सोवळेओवळे, स्वयंपाक आणि पाणी वेगळेच राहिले. ज्याला विभागणी म्हटले आहे, तिचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. संसार एक, चुली दोन. मनाने जवळ, पाण्याने दूर. या व्यवस्थेला तडजोड म्हणणे पुरेसे नाही, कारण तडजोडीत दोन्ही बाजूंचे थोडे थोडे जाते; येथे दोन्ही टोके आपापल्या जागी पूर्ण आहेत. टिळकांचे ख्रिस्तीपण उणे झालेले नाही आणि लक्ष्मीबाईंचे सोवळेही. तरीही हे घर आहे. पुढे लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. परंतु त्याआधीच, जातिभेद माणसाने निर्माण केला आहे अशी खात्री पटून, त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास सुरुवात केली होती. हा क्रम समीक्षेने दुर्लक्षिला आहे. त्या पतीच्या धर्मात गेल्या हे खरे, पण त्या तेथे पतीच्या मागून गेल्या नाहीत. पाण्याविषयीचा त्यांचा प्रश्न वडिलांच्या घरापासून त्यांच्यासोबत होता; त्याचे उत्तर त्यांनी स्वतः शोधले, आणि ते सापडल्यावर धर्मांतराची वाट उरली. म्हणून एकरूपतेचा हा क्षण त्याच वेळी त्यांच्या स्वातंत्र्याचाही क्षण आहे. या प्रसंगाचा विग्रह ‘किंवा’ने करणारे कोणतेही वाचन येथे चुकते.

बाप्तिस्म्याने ताण मिटला असता, तर ग्रंथ तेथे संपता. तो तेथे संपत नाही. सप्टेंबर १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि ख्रिस्ती संन्याशाचे जीवन पत्करले. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. प्रत्येक मीलनानंतर पुन्हा एक प्रस्थान आहे. संसाराची ही लय लक्षात घेतली, म्हणजे ‘दुरावलेले अखेर एक झाले’ या वाचनातील ‘अखेर’ या शब्दाला आधार उरत नाही.

५

व्यक्त आणि अव्यक्त यांच्या ताणाचा विचार संहितेच्या भाषेच्या पातळीवर करावा लागतो. ग्रंथभर लक्ष्मीबाई पतीचा उल्लेख ‘टिळक’ असा करतात. ज्या काळात पत्नीने पतीचे नाव घेणे निषिद्ध होते आणि ‘इकडून’, ‘स्वारी’ यांसारख्या वळणांनी ते टाळले जाई, त्या काळात वाढलेल्या स्त्रीची ही निवड आहे. आडनाव हे सर्व लोकांसाठी असते. कवी टिळक, रेव्हरंड टिळक म्हणून समाज ज्यांना ओळखतो, त्यांना त्याच नावाने हाक मारून निवेदिका वाचकाच्या शेजारी येऊन बसते आणि दोघांनी मिळून त्या माणसाकडे पाहावे, असे अंतर निर्माण करते. परंतु त्या नावापुढचे क्रियापद आदरार्थी बहुवचनी राहते, आणि सांगितले जाते ते बरेचसे घरातले, पत्नीलाच ठाऊक असणारे. सार्वजनिक नाव, आदराचे क्रियापद आणि घरगुती तपशील, अशा तीन अंतरांची एकत्र वीण एका साध्या वाक्यात पडते. ‘साधेपणा’ या शब्दाने या वाक्याची बोळवण करणे म्हणजे त्याचे व्याकरण न पाहणे होय.

विनोदाचेही तसेच आहे. लक्ष्मीबाईंचा विनोद हा वेदनेवरचा पडदा आहे असे मानले, की तो दूर करण्याची घाई होते. परंतु पडदा दूर करून जे उरेल, ते ‘स्मृतिचित्रे’ नव्हे. टिळकांच्या विक्षिप्तपणाचे वर्णन करताना निवेदिका स्वतःच्या फजितीचेही तितक्याच रंगाने वर्णन करते. त्यामुळे प्रसंगात कोणी एक न्यायाधीश आणि दुसरा आरोपी राहत नाही. पती घरात पैसे ठेवत नाही हे गाऱ्हाणेही आहे आणि अशा माणसाचा अभिमानही आहे. दोन्ही सूर एकाच वाक्यात ऐकू येतात आणि एक दुसऱ्याला गिळत नाही. बाख्तिनने ज्याला द्विस्वरी उच्चार म्हटले, तो हा. ताणाला हसतमुखाने दिलेली संमती म्हणजे शरणागती नव्हे, हे सिद्धांतातील विधान अमूर्त वाटते. ‘स्मृतिचित्रे’च्या विनोदात ते दिसते. तक्रार मागे घेतलेली नाही आणि नातेही सोडलेले नाही, अशा स्थितीत उभे राहण्याचे बळ या विनोदातून येते.

६

येथवर सिद्धांताने संहितेचे वाचन पुढे नेले. आता संहिता सिद्धांताला काय विचारते ते पाहावे.

पहिला प्रश्न सत्तेचा आहे. दोन ओढी नात्यात असतात हे मान्य. पण त्या दोघांना सारख्याच उपलब्ध असतात काय? टिळक घरातून न सांगता निघून जाऊ शकतात. लक्ष्मीबाई तसे करू शकत नाहीत. त्या नातलगांच्या घरी राहतात तेव्हा ते राहणेही दुसऱ्यांच्या संमतीने असते. वेगळे राहण्याचे टोक एकाला स्वातंत्र्य म्हणून मिळते, दुसरीला ताटातूट म्हणून सोसावे लागते. १९९६ च्या मांडणीत या विषमतेला ठाशीव स्थान नव्हते. बॅक्स्टर यांनी स्वतःच ही उणीव पुढे भरून काढण्याचा प्रयत्न केला. २०११ सालच्या ‘व्हॉइसिंग रिलेशनशिप्स’ या ग्रंथात त्यांनी गरजांच्या भाषेऐवजी संभाषितांची भाषा स्वीकारली. नात्यात जे भिडतात ते संस्कृतीत रुजलेले अर्थव्यूह असतात. त्यांतला एखादा केंद्रस्थानी असतो, दुसरा कडेला लोटलेला असतो, आणि सत्ता असते ती या असमान स्थानांत. पतिव्रतेचा अर्थव्यूह आणि स्वधर्मरक्षणाचा अर्थव्यूह एरवी हातात हात घालून चालतात; लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात त्यांनी एकमेकांवर शस्त्र उपसले. पतीच्या मागे जावे तर धर्म जातो, धर्म राखावा तर पती जातो. हा पेच दोन स्वभावांच्या बेरजेतून कधीच उलगडला नसता.

दुसरा प्रश्न समाहाराचा. सिद्धांताच्या अभ्यासकांनी बाहेरच्या समाजाचा विचार केला आहे, पण ‘आतले दोघे’ आणि ‘बाहेरचे लोक’ ही सीमा त्यांनी बव्हंशी गृहीत धरली. प्रारंभीचे बरेचसे संशोधन अमेरिकन महाविद्यालयांतील तरुण जोडप्यांच्या मुलाखतींवर उभे होते, याचाही हा परिणाम असावा. एकत्र कुटुंबात ही सीमाच मुळात वादग्रस्त असते. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या ग्रंथाची साक्ष येथे काढता येईल. न्यायमूर्ती पत्नीला शिकवू इच्छितात आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांना ते शिक्षण खुपते. रमाबाईंना दोन आज्ञा पाळावयाच्या आहेत, आणि दोन्ही घरातल्याच आहेत. पतीशी जवळीक साधणारी प्रत्येक कृती त्यांना घरातील बायकांपासून दूर नेते. येथे जवळीक आणि दुरावा ही एकाच नात्याची दोन टोके नाहीत. एका नात्यातील जवळीक हाच दुसऱ्या नात्यातील दुरावा आहे. नात्यांचे असे जाळे हा अभ्यासाचा घटक मानल्याशिवाय मराठी आत्मकथनांचा अर्थ लागणार नाही.

तिसरा प्रश्न निवेदनाचा, आणि तो साहित्यसमीक्षेला सर्वांत जवळचा आहे. संज्ञापनाच्या अभ्यासकाला दोघांचीही मुलाखत घेता येते. आत्मकथन एकाच व्यक्तीचे असते. ‘स्मृतिचित्रे’ लिहिले गेले ते टिळकांच्या निधनानंतर दीडएक दशकाने. रमाबाईंचा ग्रंथही वैधव्यात लिहिलेला आहे. ज्याला उत्तर देता येणार नाही, त्याच्याविषयी लिहिणे हा मूलतः एकस्वरी व्यवहार होण्याचा धोका असतो. याउलट सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा पु. ल. देशपांडे हयात होते आणि महाराष्ट्राच्या मनात त्यांची एक लाडकी प्रतिमा होती. तेथे व्यक्त-अव्यक्ताचा ताण बदलतो. पत्नीने पतीला काय सांगावे यापेक्षा वाचकांना काय सांगावे हा प्रश्न तीव्र होतो, आणि पुस्तकावर उठलेल्या वादळात पुष्कळ वाचक जणू त्या घरातलेच नातलग असल्यासारखे बोलले. समाहाराची व्याप्ती येथवर पोचते.

बॅक्स्टर यांनी उत्तरकाळात उच्चारशृंखलेची कल्पना विस्ताराने मांडली. नात्यातले कोणतेही वाक्य एकटे नसते. त्याच्या मागे संस्कृतीने आधी उच्चारलेले आणि त्या दोघांनी आधी उच्चारलेले असते; त्याच्या पुढे समोरच्याचे अपेक्षित उत्तर आणि समाजाचा अपेक्षित निवाडा असतो. आत्मकथनाला ही कल्पना लावली, तर दिसते ते असे : मृत पतीचे उत्तर येणार नाही, पण ‘आधी उच्चारलेले’ म्हणून त्याचा आवाज निवेदिकेच्या प्रत्येक वाक्यात शिरलेला असतो. लिहावाचायला टिळकांच्याच आग्रहाने शिकलेल्या लक्ष्मीबाई जेव्हा टिळकांविषयी लिहितात, तेव्हा हातातले साधनच दोघांचे असते. टिळकांच्या मृत्यूने अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुढे लिहिले. त्या काव्यातील मोठा भाग लक्ष्मीबाईंचा आहे. संन्यास घेऊन निघून गेलेल्या पतीचे लेखन हातात घेऊन त्यात आपले अध्याय घालणे, ही एकरूपता म्हणावी की स्वतंत्रता? आणि स्वतः लक्ष्मीबाईंचे निधन १९३६ साली झाल्यावर ‘स्मृतिचित्रे’चा अखेरचा भाग पुत्र देवदत्त टिळकांनी पूर्ण केला. एकाचे वाक्य दुसऱ्याने पुरे करावे, ही या घराची रीतच झाली होती.

७

बाख्तिनच्या उत्तरकालीन लेखनात आणखी एक कल्पना येते. प्रत्येक बोलणारा समोरच्या श्रोत्याच्या पलीकडे एका तिसऱ्या श्रोत्याची कल्पना करतो, ज्याला आपले म्हणणे पूर्ण आणि न्याय्यपणे कळेल असा त्याचा विश्वास असतो. तो कोणासाठी ईश्वर असेल, कोणासाठी इतिहास, कोणासाठी सद्सद्विवेक. नात्यांच्या संशोधनात या तिसऱ्याला पुरेशी जागा मिळालेली नाही; मुलाखतीत तो सापडत नाही. टिळक दांपत्याच्या बाबतीत मात्र तोच ताणाचे कारण आहे आणि तोच आधार. देवाच्या शोधात पती घर सोडतो. देवापाशीच पत्नी त्या पतीविषयीची तक्रार आणि कृतज्ञता दोन्ही ठेवते. ‘स्मृतिचित्रे’तील निवेदनाला जी निर्भयता आहे, ती केवळ स्वभावाची नाही. आपले म्हणणे ऐकणारा कोणीतरी आहे, आणि त्याच्यापुढे टिळकांना लहान करून स्वतःला मोठे करण्याची गरज नाही, या विश्वासातून ती आलेली आहे.

संबंधांच्या द्वंद्वमीमांसेकडून मराठी समीक्षेने सोडवलेली उत्तरे उचलावीत असे नाही. आठ प्रकारांची यादी हाती घेऊन आत्मचरित्रांतील प्रसंगांवर चिठ्ठ्या डकवत जाणे, हा उद्योग जितका सोपा तितकाच निष्फळ आहे. घ्यावयाचा आहे तो एक प्रश्न विचारण्याचा शिरस्ता : ही दोन माणसे कोणत्या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठेवू पाहत आहेत, त्यासाठी भाषेला काय काय करावे लागत आहे, आणि ज्यांची नावे घेतलेली नाहीत असे कोण कोण त्या भाषेत उपस्थित आहेत? हा प्रश्न ‘स्मृतिचित्रे’ला विचारला, तर तिच्या साधेपणाची आणि विनोदाची कीर्ती कमी होणार नाही. त्या गुणांना किती मोठे काम करावे लागले, हे कळेल. आणि तोच प्रश्न रमाबाई रानड्यांपासून सुनीता देशपांड्यांपर्यंतच्या आत्मकथनांना क्रमाने विचारला, तर मराठी स्त्रीच्या आत्मकथनाचा इतिहास हा सोसण्याच्या किंवा सुटकेच्या कथांचा इतिहास राहणार नाही. दोन खऱ्या गोष्टी एकत्र सांगता येतील अशी मराठी भाषा हळूहळू कशी घडत गेली, याचा तो इतिहास होईल. तो अजून लिहिला जावयाचा आहे.